जागा कोण देतो?

मैत्रिणींनो, ‘स्त्रीदाक्षिण्य’ हा शब्द तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? बोलताना तो कुणी वापरत नाही, आणि वापरला तर थट्टेनंच. लग्नाच्या पंगतीत एखादे काका वहिनींच्या पानात आग्रहानं आणखी एक जिलबी वाढतात, दुसरे काका म्हणतात, ‘‘काय हे स्त्रीदाक्षिण्य!’’ तेवढ्यापुरता तो शब्द जुन्या शालूसारखा पेटीतून बाहेर येतो, चार डोळ्यांना दिसतो आणि परत पेटीत जातो.

त्या शब्दावाचून चाललेली भांडणं मात्र रोज ऐकू येतात. ऐकायची असतील तर एस.टी.त बसा. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट झालं. ‘महिला सन्मान योजना’ असं तिचं नाव. तेव्हापासून बायका घराबाहेर पडल्या त्या पडल्याच. कुणी माहेरी, कुणी दवाखान्याला, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला. गाड्या भरून वाहू लागल्या, आणि उभं राहावं लागलेल्या पुरुषांच्या तोंडी एक वाक्य बसलं: ‘‘अर्धं तिकीट बी ह्यांनाच, अन् पुरी सीट बी ह्यांनाच!’’

माझं सासर नांदेड आणि माहेर लातूर. लोहा, अहमदपूर, चाकूर अशा त्या जवळजवळ दीडशे किलोमीटरच्या रस्त्यावर मी इतक्या वेळा गेले आहे की डोळे मिटूनही कुठला फाटा आला ते सांगीन. म्हणून हे वाक्यही मी पुष्कळदा ऐकलं आहे. पहिल्यांदा राग आला. मग विचार केला, की या माणसाचं नेमकं दुखतंय कुठं? तिकीट तर सरकारनं अर्धं केलं, त्यात त्याच्या खिशातलं काही गेलं नाही. त्याला वाटतं ते असं, की आजवर आपण बायकांसाठी जे काही सोडत होतो, म्हणजे एखादी सीट, रांगेतली एखादी जागा, ते आता सरकारनं परस्पर चुकतं केलं. हिशेब मिटला. आता आमच्याकडं काय मागता?

तर विचारायचं ते हे, की हिशेब मिटला का? आणि मुळात त्या खात्यावर जमा किती होतं?

या शब्दाचं कुळ फार मजेदार आहे, ते आधी सांगते. संस्कृत नाट्यशास्त्राच्या ग्रंथांत नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत: अनुकूल, दक्षिण, शठ आणि धृष्ट. अनुकूल तो एकीशीच एकनिष्ठ राहणारा. शठ आणि धृष्ट यांच्याविषयी न बोललेलं बरं. आणि दक्षिण कोण? तर ज्याचं मन नव्या प्रियेकडं गुंतलं आहे, पण पहिलीशी वागण्याबोलण्यात जो तसूभरही कमी पडत नाही, तो! आपलं दाक्षिण्य हे याच महाशयांच्या घराण्यातलं. म्हणजे गोड बोलणं आणि खरं मन हे दोन वेगळे कप्पे असू शकतात, हे आपल्या पूर्वजांना चांगलं ठाऊक होतं. आमच्या ह्यांना हे वाचून दाखवलं, तर म्हणाले, ‘‘बघ, मी अनुकूल आहे.’’ मी काही बोलले नाही.

इंग्रजीतल्या ‘शिव्हलरी’चा जन्म तर घोड्याच्या पाठीवर झाला. फ्रेंचमध्ये घोडेस्वाराला ‘शव्हालिए’ म्हणतात, त्यावरून तो शब्द आला. घोडा, चिलखत आणि तलवार परवडणाऱ्या सरदारांचं ते वळण. त्यांनी मान द्यायचा तो सरदारांच्या बायकामुलींना. शेतात राबणारी कुणब्याची बायको त्या मानात धरलेली नव्हती.

आता गाडीत परत येऊ. माझा अनुभव सांगते. चांगली साडी, डोळ्याला चष्मा, खांद्याला पर्स, असं असलं की नांदेडहून निघालेल्या गाडीत कुणी ना कुणी उठतोच. ‘‘बसा की मॅडम’’ म्हणतो, पिशवी वर ठेवून देतो, खिडकी लावून देतो. मराठवाड्याचा माणूस या बाबतीत कंजूष नाही, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगेन. पण अहमदपूरच्या अलीकडं एका फाट्यावर एक लमाण बाई गाडीत चढली. कडेवर मूल, डोक्यावर बोचकं, दुसरं पोर पदराला. बसलेल्या मंडळींत पाच-सहा तरणेताठे पुरुष होते. एकही उठला नाही. उलट ‘‘मागं सरक माय, मागं सरक’’ चाललं होतं. शेवटी कोण उठलं असेल? गुडघे धरून बसलेली एक म्हातारी. तिनं मुलाला मांडीवर घेतलं आणि त्या बाईला आपल्या अर्ध्या सीटवर टेकायला जागा केली. मग मात्र मघाशी ‘बसा की मॅडम’ म्हणणाऱ्या गृहस्थांना लाज वाटली असावी. ते उठले, पण उठले ते म्हातारीसाठी.

तेव्हा माझ्या मनात आलं, की उठणाऱ्याला बाई दिसते की साडी दिसते? ज्या बाईला बसायची गरज सर्वांत कमी, तिच्यासाठी सर्वांत आधी जागा होते. दिवसभर ऊस तोडून किंवा रानात निंदून आलेल्या बाईला उभं राहायची सवयच असते, असं आपण सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं आहे. आणि ‘आपण सगळ्यांनी’ म्हणते आहे हं. खिडकीजवळ बसून शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून ‘‘इथं माणूस येणार आहे’’ म्हणणाऱ्या सगळ्या काही पुरुष नसतात. कंडक्टर बाईचंच बघा ना. तिच्यासाठी राखलेल्या सीटवर कुणाची तरी मावशी ऐसपैस बसलेली असते आणि खाकी साडीतली ती बिचारी लोह्यापासून चाकूरपर्यंत मशीन हातात घेऊन उभी. तिला ‘‘बसा ताई’’ म्हणालेलं मी एकदाच ऐकलं, तेही एका शाळकरी पोराकडून.

हा काही आपल्याकडचाच दोष समजू नका. ‘टायटॅनिक’ जहाजाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १९१२ च्या एप्रिलमध्ये ते बुडालं तेव्हा ‘आधी बायका आणि मुलं’ असा हुकूम निघाला, पुरुष मागं राहिले, बुडाले. स्त्रीदाक्षिण्याचं उदाहरण म्हणून शंभर वर्षं लोक ती गोष्ट सांगत आले, आणि खोटी ती नाहीच. पण नंतरच्या ब्रिटिश चौकशीतले आकडे पाहा. पहिल्या वर्गाच्या १४४ बायकांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गाच्या १६५ बायकांपैकी वाचल्या ७६. बाई दोन्हीकडं बाईच. फरक तिकिटाचा. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना होड्यांच्या डेकपर्यंत पोचायला वेळ लागला, वाट नीट दाखवली गेली नाही, अशी कारणं सांगतात. कारणं काही असोत, तळमजल्यावरच्या बाईपर्यंत तो हुकूम पोचला नाही.

आता कुणी म्हणेल, परक्यांच्या जहाजाचं काय सांगता, आपल्याकडं शिवाजी महाराज होऊन गेले. खरं आहे. आणि महाराजांचं नाव निघालं की लगेच कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट निघते. आपण ती लहानपणापासून ऐकली, मुलांनाही सांगितली. पण त्या गोष्टीला त्या काळच्या कागदपत्रांत आधार सापडत नाही, असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात. गोष्ट गोड आहे, ती राहू द्या. मला मात्र दुसरी एक हकिकत जास्त आवडते. ती आपल्या भागातली आहे, आणि तिच्यातली बाई कुणाची सून म्हणून नव्हे तर स्वतःच्या नावानं ओळखली जाते.

मघाशी माहूरचं नाव घेतलं. नांदेड जिल्ह्यातल्या त्याच माहूरच्या राजे उदाराम घराण्यातली सावित्रीबाई. घराणं मोगलांच्या चाकरीतलं. नवरा गेल्यावर ती स्वतः फौज घेऊन लढली, आणि मोगलांकडून तिला ‘रायबागन’ हा किताब मिळाला. रायबागन म्हणजे राजवाघीण. पुढं शायिस्तेखानानं कारतलबखान नावाच्या सरदाराला कोकणात उतरायला पाठवलं, तेव्हा ही बाई त्याच्या फौजेत होती. फेब्रुवारी १६६१ मध्ये सह्याद्री उतरून, आजच्या खोपोलीजवळच्या उंबरखिंडीच्या दाट रानात ती फौज शिरली आणि महाराजांनी दोन्ही बाजूंनी तोंड बंद केलं. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना.

पेचात सापडल्यावर खानानं रायबागनला सल्ला विचारला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या त्या काळातल्याच संस्कृत काव्यात हा प्रसंग आला आहे. तिनं खानाची भीड ठेवली नाही. सिंहाच्या रानात फौज आणलीस हीच चूक झाली, असं तिनं तोंडावर सुनावलं, आणि आता शरण जाण्यात शहाणपण आहे, असं सांगितलं. खानानं ऐकलं. वकील गेला, खंडणी ठरली, महाराजांनी अभय दिलं आणि अडकलेली फौज जिवंत परत गेली.

यात कुणी कुणाला उठून जागा दिली नाही, साडीचोळी करून पाठवणी केली नाही. बाई शत्रूच्या बाजूची होती, मोगलांच्या हत्ती-घोड्यांत होती. पण तिच्या शब्दाला खानानं किंमत दिली, आणि त्या शब्दावर आलेल्या वकिलाला महाराजांनी किंमत दिली. सैन्यात बाई काय करते, असं कुणी विचारलं नाही. शेकडो माणसं जिवंत घरी गेली ती एका बाईचं ऐकल्यामुळं. पाठ्यपुस्तकांतून सुभेदाराच्या सुनेची गोष्ट फिरत राहिली आणि माहूरच्या वाघिणीची मागं पडली, याचं मला नवल वाटत नाही. पहिलीत बाईला बोलावंच लागत नाही.

बाईचं ऐकल्यानं काय होतं ते आपल्या डोळ्यांदेखत एकदा झालं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट लातूरकरांना विसरणं शक्य नाही. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं भूकंपानं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं झोपेतच गेली. त्यानंतरच्या घरदुरुस्तीच्या सरकारी कामात, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था त्यामागं होती. घर कसं मजबूत करायचं, मदत कुणाला किती मिळणार, इंजिनिअर काय म्हणतो, हे गावाला समजावून सांगायचं काम त्या बायकांचं. ज्यांनी जन्मात चावडीची पायरी चढली नव्हती, त्या बायका गवंड्याला सिमेंट-वाळूचं प्रमाण विचारू लागल्या. स्वयंपाकघर, ओटा आणि न्हाणी वापरायची तिलाच. मग ते कसं असावं हे तिला विचारायला भूकंप व्हावा लागला!

आणि पाणी. २०१६ सालचा लातूरचा उन्हाळा. मांजरा धरण आटलं. मार्चमध्ये तर टँकर भरायच्या जागी आणि टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढं तिला ‘जलदूत’ म्हणू लागले. तेव्हा मी माहेरी गेले होते. आमच्या गल्लीत एक दृश्य पाहिलं. रात्री दीड-दोनला पुरुषमंडळी मोटारसायकलला दोन्हीकडं कॅन लटकवून पाण्याला निघालेली. कधी तांब्या उचलून न ठेवणारे आमचे एक शेजारी पहाटेपर्यंत रांगेत उभे राहिलेले. बायकांनी कौतुकानं सांगितलं, ‘‘ह्या वर्षी पाणी गड्यांनीच भरलं माय.’’

कौतुक करावं असंच ते होतं. पण थोडं बारकाईनं पाहा. आपल्या मराठवाड्यात पाणी भरणं हे कालपरवाचं काम नाही. पाणी डोक्यावर घागरीनं यायचं तोवर ते बाईचं काम होतं, मग विहीर कोसभर लांब असो. ते गाडीवरून कॅननं यायला लागलं, तेव्हा त्यात पुरुष उतरला. खेड्यांत जिथं अजून हंडा आहे तिथं अजून बाईच आहे. चाक आलं की काम पुरुषाचं, डोकं असेल तोवर बाईचं. आणि त्या पावसाळ्यानंतर नळाला पाणी आल्यावर आमच्या शेजाऱ्यांचा तांब्या पुन्हा जिथल्या तिथंच.

मी खवचटपणानं बोलते असं वाटेल. तसं नाही. संकटात आपली माणसं धावून येतात, यात मला तिळमात्र शंका नाही. अपघात झाला, कुणी छेड काढली, रात्री गाडी बंद पडली, तर अनोळखी बाईला घरापर्यंत सोडायला येणारे चार जण आपल्याकडं मिळतात. ‘ताई’, ‘वैनी’, ‘मावशी’, ‘माय’ ही नुसती हाक नसते, त्या हाकेबरोबर थोडी जबाबदारीही अंगावर घेतलेली असते. गेलं गेलं म्हणून रडण्यासारखं काही नाही. दाक्षिण्य आहे. ते कुठं येऊन थांबतं, एवढंच मला पाहायचं आहे.

ते ज्या जागी थांबतं ती जागा मी एका ओळखीच्या बाईंच्या बाबतीत पाहिली. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही. वडील वारल्यावर दोघा भावांनी बहिणीला बोलावून घेतलं. येताना न्यायला मोटारसायकल आली. घरी पुरणपोळी झाली. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर सही झाली. बारा एकरांतला तिचा हिस्सा गेला. भावांनी भारी साडी घेतली, भाच्यांना कपडे घेतले. संध्याकाळी तिला बसवून द्यायला धाकटा भाऊ स्टँडवर आला. गाडी लागली तशी झुंबड उडाली. पण हा पठ्ठ्या धावत गेला, खिडकीतून टॉवेल आत टाकला आणि बहिणीसाठी खिडकीची जागा धरली. दरवाजातल्या चार माणसांशी तिच्यासाठी भांडला. गाडी सुटेपर्यंत खाली उभा होता, पाण्याची बाटली आणून दिली, पोचल्यावर फोन कर म्हणाला.

हे सगळं तिनंच मला सांगितलं, आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. ‘‘भाऊ लई जीव लावतो हो. माझ्यासाठी जागा धरली.’’

मला त्यावर काय बोलावं ते सुचेना. भाऊ खोटा नाही. त्याचं प्रेमही खोटं नाही. बहिणीला उभं राहून प्रवास करावा लागला असता तर त्याला खरंच वाईट वाटलं असतं. पण एक जागा त्यानं टॉवेल टाकून धरली आणि दुसरी जागा सही घेऊन सोडवली, यात काही विसंगत आहे हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. तिच्याही नाही. महाराष्ट्रात १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा देणारा कायदा आहे. २००५ मध्ये तो साऱ्या देशाला लागू झाला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं, की वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते याच्याशी मुलीच्या हक्काचा संबंध नाही, तो जन्मानंच आहे. कायद्यानं दिलं ते साडीनं परत घेतलं जातं. आणि बहिणी देतात. का देतात हे तुम्हाला-मला सांगायला नको. हिस्सा घेतला तर माहेर तुटेल, ही भीती. उद्या सासरी काही झालं तर पाठीशी कोण? म्हणजे माहेरचा दरवाजा उघडा राहावा म्हणून बारा एकरांतला वाटा मोजायचा. हे भाडं फार झालं.

असं सगळ्याच पुरुषांनी केलं आहे असं मात्र नाही, आणि ही गोष्ट आजच्या मुलींना मुद्दाम सांगायला हवी. शेतकरी संघटनेचे शरद जोशी तुम्हाला आठवत असतील. कांद्याचं, कापसाचं आंदोलन, रस्ता रोको, हे सगळं आठवेल. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला त्यांनी शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं. आणि १९८९-९० च्या सुमारास ‘लक्ष्मी मुक्ती’ हा कार्यक्रम काढला. म्हणणं सरळ होतं. सरकारकडं कर्जमुक्ती मागणाऱ्या शेतकऱ्यानं आधी घरातल्या लक्ष्मीचं कर्ज फेडावं. ती आयुष्यभर शेतात राबली, तिच्या घामाचा हिशेब कुठंच नाही. म्हणून आपल्या जमिनीतला काही भाग तिच्या नावावर करावा. ज्या गावात शंभर घरांनी हे केलं ते लक्ष्मीमुक्त गाव. तिथं शरद जोशी स्वतः जाणार, सत्कार होणार. आणि गावंच्या गावं पुढं आली. मिशीवर ताव देणाऱ्या माणसांनी सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवलं. नंतर १९९२ मध्ये सरकारनंही तसा निर्णय काढला.

त्या माणसांनी बायकोला कधी ‘आधी तू बस’ म्हटलं असेल की नाही, देव जाणे. कदाचित घरी ते ‘‘ए, पाणी आण’’ असंच ओरडत असतील. मला त्यांचं वागणं गोड होतं असं मुळीच म्हणायचं नाही. पण दिलं ते परत न घेता येणारं दिलं. बसमधली सीट दोन तासांनी परत मिळते.

तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, बाई, आम्ही गावात राहतो, नोकरदार माणसं, शेती आहे कुठं? फ्लॅट आहे ना? प्लॉट आहे ना? त्याच्या कागदावर नाव कुणाचं आहे ते एकदा पाहा. कर्ज काढताना सही दोघांची आणि मालकी एकाची, असं तर झालेलं नाही? आणि घरात मुलगा असेल तर त्याला दोन्ही शिकवा. बसमध्ये उठायला शिकवा, आणि उठताना समोरच्या बाईची साडी पाहू नको हेही सांगा. जेवणं झाल्यावर बहिणीच्या बरोबरीनं ताटं उचलायला लावा. रात्री आई जेवायची राहिली आहे हे त्याला न सांगता कळायला लागलं, तर पुढं त्याच्या बायकोचं निम्मं काम झालं.

भाऊबीज येईल तेव्हा ओवाळा, ओवाळणी हसत घ्या. मात्र त्या गडबडीत कुणी कागद पुढं केला, तर ‘‘घरी नेऊन वाचते दादा’’ एवढं म्हणायला शिका. हक्कसोडपत्र नोंदलेलं असतं. एकदा झालं की मागं फिरवणं फार अवघड जातं, वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. द्यायचंच असेल तर समजून द्या, आणि किती देतो आहोत ते एकर-गुंठ्यांत माहीत करून घेऊन द्या. भाऊ खरोखर अडचणीत असेल, तर बहिणीनं सोडणं हीही माया आहे. पण ती माया आहे असं निदान दोघांनाही कळलेलं असावं.

नवऱ्याच्या शेतीवर नाव लावायचं असेल तर अर्ज नवऱ्यानं स्वखुशीनं करायचा असतो. आधी तलाठ्याकडं चौकशी करावी. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच म्हणतात.) जाताना सातबारा, आठ-अ आणि दोघांची आधार कार्डं बरोबर ठेवा. आणखी काय लागतं ते तिथंच विचारून घ्या.

हा मजकूर टपालात टाकण्याआधी आमच्या ह्यांना वाचायला दिला. बसमध्ये कुणीही बाई दिसली की उठून उभे राहणारे गृहस्थ आहेत हे, बरं का. वाचून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, ‘‘आज चहा मी करतो.’’ मी म्हटलं, करा, साखर बेताची घाला. पण त्याआधी लोह्याच्या शेताचा सातबारा कुठं ठेवलाय ते सांगा. कपाटाच्या वरच्या खणात आहे म्हणे, विम्याच्या फाइलीखाली.